ओवीचं शेपूट

आज्जीला वाचता येत नव्हतं. पोस्टातल्या कागदावर ती अंगठा उठवायची आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून घरी येईपर्यंत हात तसाच आडवा धरून चालायची. पण मी पोथी वाचताना चुकले, की ती जागच्या जागी धरायची.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, वसना नदीच्या काठचं. श्रावण लागला की दिवेलागणीनंतर सोप्यात घोंगडं पडायचं, चौरंगावर पोथी यायची आणि तिसरी-चौथीतली मी मांडी घालून वाचायला बसायचे. अण्णा ड्यूटीवर, आईचे हात भाकरीच्या पिठात. त्या वेळेला मोकळी आणि वाचता येणारी अशी घरात मी एकटीच. आज्जी समोर वाती वळत बसायची. शेजारच्या दोघी-तिघी येऊन टेकायच्या. कुणी शेंगा फोडायची, कुणी मांडीवरचं पोर थोपटायची. वीज गेली की कंदील येईपर्यंत वाचन थांबायचं. अंधारात कुणी बोलायचं नाही. पोथीतला बाळकृष्ण जिथं असेल तिथं सगळ्याजणी त्याला धरून बसलेल्या असायच्या.

पोथी श्रीधरांच्या हरिविजयाची, ३६ अध्यायांची. ओवीचे चार चरण असतात, पहिल्या तिन्हींना यमक आणि चौथा मोकळा, हे मी फार नंतर शिकले. तेव्हा एवढंच जाणवायचं, की तीनदा तोच आवाज येतो आणि चौथ्यांदा झोका सोडून दिल्यासारखं होतं. एका संध्याकाळी बाहेर पोरं लपंडाव खेळत होती आणि माझं सगळं चित्त तिकडं. अध्याय लवकर उरकावा म्हणून एका ओवीचा शेवटचा चरण मी गाळला आणि सरळ पुढच्या ओवीवर गेले.

“थांब,” आज्जी म्हणाली. वात वळणारा हात तसाच थांबलेला. “शेपूट ऱ्हायलं की गं.”

मी चरकले. तिला पोथी पाठ असेल असं वाटलं, म्हणून पुढच्या वर्षी, आधी कधी न वाचलेल्या पोथीत, मी तोच प्रकार मुद्दाम करून पाहिला. तिनं तिथंही धरलं. एकदा तर मी एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तसाच अर्थ असलेला. आज्जीनं मान हलवली. “त्यो शब्द तिथला न्हाय. जड लागतोय.” वाक्य तिला कळलं होतं की नाही, सांगता येणार नाही. त्या जुन्या मराठीतले कितीतरी शब्द तिलाही अडत असणार. पण कुठला शब्द कुठं बसतो हे तिच्या कानाला ठाऊक होतं. जशी भाकरी तव्यावर टाकताना पीठ किती ओलं झालंय हे तिच्या हाताला ठाऊक असायचं, अगदी तसंच.

हा कान आला कुठून, याचा मी पुढं खूप विचार केला. जात्यावर आला, असं आता वाटतं. लग्न होऊन ती त्या घरात आली ती तेरा-चौदा वर्षांची, आणि गावात पिठाची गिरणी येईपर्यंत रोज पहाटे दळत होती. दळताना ओवी. तिची एक ओवी अजून माझ्या तोंडात आहे:

वसनाबाई गं, तुझं पाणी झुळूझुळू,
लेकीचा तान्हा निजं, वारा घाली हळूहळू.

गिरणी आली, हाताचे फोड गेले, आणि पहाटेच्या ओव्याही गेल्या. गिरणी आली हे चांगलंच झालं. दळण काय असतं ते दळणाऱ्या बाईलाच विचारावं. पण त्या गाण्यातून जे पाळण्यातल्या पोराच्या कानात न सांगता पडत होतं, ते पुढं दुसऱ्या कुठल्या वाटेनं पडायला हवं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून महाराष्ट्रातल्या बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्या ओव्या म्हणणाऱ्या बायका दिसल्या नाहीत, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत पडलेली पोरं दिसली. जात्याची घरघर, आईच्या पोटाची हालचाल आणि वरून येणारे शब्द. कुठल्याही बालवाडीला एवढा चांगला वर्ग भरवता आलेला नाही.

श्रावण आणि श्रवण हे दोन शब्द मला लहानपणी एकच वाटायचे. आजही पूर्ण वेगळे वाटत नाहीत. मुलांना रोज मोठ्यानं वाचून दाखवा, असं आता नव्यानं सांगतात तेव्हा मला आमचा सोपा आठवतो. आपल्याकडं माणसं ऐकूनच वाढली: पोथी, कीर्तन, हरिपाठ, काकडा. आमच्या जिल्ह्यातल्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ भक्ती सांगितल्या, त्यांतला पहिला समास श्रवणभक्तीचा आहे. बाकी सगळं नंतर, आधी कान. त्यांचेच मनाचे श्लोक आम्ही सगळी पोरं संध्याकाळी देवापुढं म्हणायचो. एकूण २०५ श्लोक. सगळे कुणालाच यायचे नाहीत, पण जेवढे यायचे तेवढे धावत यायचे. ते वृत्त भुजंगप्रयात. प्रत्येक ओळीत १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार वळसे. नावच सापाच्या चालीचं. पोरांच्या जिभेला ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे त्या चालीनं शिकवलं, आणि व्याकरणाच्या पुस्तकानं पुढं फक्त त्याला नावं दिली.

माझी पहिली कविता मात्र पोथीतली नव्हती. ती एसटीतली होती.

अण्णा कंडक्टर. सातारा–म्हसवड गाडीवर ते बरीच वर्षं होते. सुट्टीत कधीतरी मला बरोबर न्यायचे आणि पुढच्या, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवायचे. स्टँडवर गाडी लागली, की दारात उभं राहून ते गावं पुकारायचे: “कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, निढळ, महिमानगड, पिंगळी, दहिवडी, गोंदवलं, म्हसवाऽड!” म्हसवडचा ‘व’ लांबायचा आणि तिथं अण्णांचा हात वर जायचा. मग डबल बेल. मला ती गावं माहीत नव्हती. वर्धनगड म्हणजे किल्ला आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पण निढळ हा शब्द मला इतका आवडायचा, की मी तो नुसताच म्हणत राहायचे. निढळ, निढळ. जिभेवर आवळा ठेवल्यासारखा. घरी आल्यावर चुलीपुढं बसून मी पूर्ण गाडी सोडायचे, आणि आज्जी शेवटी म्हणायची, “आली बाई म्हसवडला. उतरा आता, जेवा.”

मला पुढं कवितेचं जे वेड लागलं त्याचं मूळ त्या बाकावर आहे, असं मी मनापासून मानते. नऊ गावांची नावं. क्रिया नाही, विशेषण नाही, अर्थ म्हणाल तर तिकिटाच्या दरापुरता. तरी ती एका सुरात, एका माणसाच्या आवाजात, रोज त्याच क्रमानं आली, आणि त्या माणसावर माझा जीव होता. एवढं पुरलं.

शाळेत हे सगळं थांबलं. पाचवी-सहावीत कविता फळ्यावर आली आणि तिच्याखाली प्रश्न आले. कवीला काय म्हणायचे आहे? कवितेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा. मला ते तुमच्या शब्दांत लिहिणं कधी जमलं नाही, कारण मला कवीचेच शब्द हवे असायचे. माझे शब्द तिथं जड लागायचे. आशय चुकला म्हणून वही परत आली, दोन-तीनदा आली, आणि हळूहळू मी कवितेला घाबरायला लागले. आवडणारी गोष्ट भीतीची होते तेव्हा पोर तिच्याकडं पाठ फिरवतं. मी चारेक वर्षं फिरवली.

परत वळवलं ते एका सरांनी. नववीत त्यांनी एके दिवशी पुस्तक न उघडताच, टेबलाला टेकून, कवी यशवंतांची ‘आई’ ही कविता म्हटली. म्हटली, शिकवली नाही. संपल्यावर ते काहीच बोलले नाहीत, खिडकीकडं बघत राहिले. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याची आई त्याच वर्षी गेली होती. तो मान खाली घालून बसला होता आणि कुणी त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. तास तसाच संपला. यशवंत मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या चाफळचे, त्यांचे सोबती कवी गिरीश साताऱ्यात जन्मलेले. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले हे दोघं कविता लोकांपुढं चालीवर म्हणायचे आणि माणसं मैफलीला यावं तशी ऐकायला यायची, हे त्या सरांनीच नंतर सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आमच्या सोप्यातली पोथी आणि या मोठ्या माणसांची कविता एकाच घरातल्या आहेत. दोन्ही कानावाटेच आत येतात.

आता माझी लेक आठ वर्षांची आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. ती इंग्रजी शाळेत जाते. तो निर्णय आम्ही दोघांनी विचार करून घेतला आणि त्याबद्दल इथं वाद घालायचा नाही. पण ती साडेतीन-चार वर्षांची असताना एक गोष्ट माझ्या कानाला टोचली. ती ‘काळा’ला ‘काला’ म्हणायची आणि ‘केळं’ला ‘केलं’. सुरुवातीला बोबडेपणा वाटला. मग ध्यानात आलं, की दिवसभर तिच्या कानावर जी कार्टून पडतात ती हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि त्या हिंदीत ‘ळ’ नाहीच. जो आवाज कानावर पडत नाही तो जिभेवर येणार कुठून? आपल्या भाषेत तर काळ आणि काल, गाळ आणि गाल, पळ आणि पल यांच्यामधे एवढा एकच अडसर आहे. तो निघाला की केवढं तरी वाहून जातं.

तिला मी “ळ म्हण, ळ म्हण” केलं नाही. आंघोळ घालताना एक गाणं रचलं:

आभाळ काळं, बाभूळ काळी,
वर एक कावळा, खाली एक जाळी.
केळीच्या पानात गुळाची पोळी,
कावळ्यानं पळवली, रडतीय बाळी.

पहिले पंधरा दिवस ती नुसती हसायची आणि शेवटी ‘बाली’ म्हणायची. मग एके दिवशी डोक्यावर पाणी ओतत असताना, तोंडात साबणाचा फेस जात असताना, तिनं ‘पळवली’ म्हटलं. लख्ख. जीभ मागं वळून टाळूला लागली आणि सुटली. मी तांब्या खाली ठेवला आणि तिला तशीच ओली छातीशी धरली.

बडबडगीतांचं हे काम पुढं अभ्यासकांनीही मोजून पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना किती बडबडगीतं येतात हे पाहिलं होतं. ज्यांना जास्त येत होती, त्यांना पुढं शब्दांतले सुटे ध्वनी जास्त नेमके ओळखता आले, आणि वाचायला शिकण्याचा पाया तोच. घरची परिस्थिती आणि मुलाची हुशारी धरूनही हा संबंध टिकला होता. आपल्या आज्यांना हे माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त पोरांशी खेळायचं होतं, आणि खेळायला हाताशी शब्दच होते.

रात्रीचं वाचन आमच्याकडं तिच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू आहे. दिवा एकच, उशाचा. तिचे बाबाही वाचतात, आणि त्यांचं वाचन माझ्याहून सावकाश असतं, म्हणून तिला आवडतं. सावकाश वाचणं ही मोठी गोष्ट आहे. आपण मोठी माणसं गोष्टीच्या शेवटाकडं धावतो. पोराला शेवट नको असतो, त्याला त्या वाक्यात राहायचं असतं. एकच पुस्तक तिनं आमच्याकडून सलग दीड महिना वाचून घेतलं. मला त्यातला स्वल्पविराम न स्वल्पविराम पाठ झाला. एका रात्री दमून मी दोन पानं एकदम उलटली, आणि डोळे मिटून पडलेल्या त्या मुलीनं, डोळे न उघडता, म्हटलं, “आई, हत्ती अजून पाण्यात आहे.”

माझ्या अंगावर काटा आला. सोपा, कंदील, वाती, सगळं एका क्षणात त्या खोलीत आलं.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. ती पहिलीत गेल्यावर मला वाटायला लागलं, की आता तिला कळतंय का हे बघायला पाहिजे. कविता वाचून झाली की मी विचारायचे: काय कळलं? फुलाला असं का वाटलं? हा शब्द म्हणजे काय? आठवडाभर तिनं उत्तरं दिली. मग एके रात्री पुस्तक स्वतःच मिटलं आणि म्हणाली, “आई, तू आता शाळा करतेस.” त्यानंतर तीन आठवडे तिनं कविता मागितली नाही. ज्या प्रश्नांनी माझी चार वर्षं खाल्ली होती, तेच प्रश्न मी तिच्या उशाशी नेऊन ठेवले होते, चांगल्या हेतूनं. हेतू माझ्या शिक्षकांचाही चांगलाच असणार.

तेव्हापासून मी अर्थ विचारत नाही. तिनं विचारला तर सांगते, आणि जेवढा विचारला तेवढाच. अवघड शब्द वाचता वाचता सोपा करून टाकत नाही. ‘निर्झर’ आला तर निर्झरच वाचते. तो तिला लगेच कळला नाही तरी चालतं, शब्द पोराच्या मनात बी पडल्यासारखा पडून राहतो आणि कधीतरी, पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात, गाडीच्या काचेला नाक लावून ती ओरडते, “आई, तो बघ निर्झर!” मला नाही वाटत मी तो शब्द समजावून दिला असता तर तो तिथं उगवला असता. आणि रोजच्या बोलण्यात आपण वापरतो ते शब्द किती? जेव, आवर, चल, उशीर झाला, मोबाईल ठेव. पोरांशी आपली दिवसभराची भाषा एवढ्यातच फिरते. निर्झर, सांजवेळ, भिरभिरणं, ओथंबणं हे शब्द घरात यायला पुस्तकाचंच दार लागतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला भिलारला नेलं. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना लागतं ते, ४ मे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. सुरुवात २५ ठिकाणी आणि सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली होती. कुणाच्या पडवीत, कुणाच्या माडीवर, कुणाच्या देवळाशेजारच्या खोलीत. स्ट्रॉबेरीची शेती करणारी माणसं आपल्या घराचं दार उघडून बसलेली. मुलांची पुस्तकं असलेल्या एका घरात ती जमिनीवर पालथी पडली आणि पाय हलवत वाचायला लागली. आतून फोडणीचा वास येत होता, घरातली काकू कुणाला तरी हाक मारत होती. लेकीला ते इतकं आवडलं, की घरी आल्यावर तिनं विचारलं, “आपल्या घरात पण परकी माणसं येऊन वाचतील का?” त्या प्रश्नातूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या फ्लॅटमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं. पण गावाकडं मारुतीचा पार आहे आणि निवृत्त झालेले अण्णा आहेत. गेल्या दिवाळीनंतर दर रविवारी आम्ही तिघं गावी जायला लागलो आणि पारावर संध्याकाळी तासभर वाचायला लागलो. लेकीची आणि माझी पुस्तकं, अण्णांनी माझ्या लहानपणी स्टँडवरच्या स्टॉलवरून आणलेले किशोर मासिकाचे जुने अंक. बालभारती १९७१ पासून ते काढते. अण्णांनी एकही अंक रद्दीत घातलेला नाही. पहिल्या रविवारी चार पोरं आली, तिसऱ्या रविवारी सतरा.

त्यांतली निम्मी ऊसतोडीची होती. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात, गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती पोरं इथलीच होतात. शाळेचं वर्ष अर्ध्यावर तुटलेलं. काही जणांना दहा वर्षांचं होऊनही जोडाक्षर वाचता येत नव्हतं. पण ऐकताना त्यांच्याइतकं कुणी ऐकत नव्हतं.

एका रविवारी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. तीच, चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, पाऊस येतो आणि काऊचं घर वाहून जातं. काऊ चिऊचं दार वाजवतो आणि ती आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. गावातली पोरं नेहमीप्रमाणे चिऊबरोबर म्हणायला लागली. कोपीतला एक सहा-सात वर्षांचा मुलगा मात्र उठून उभा राहिला. “पर ती दार का उघडंना?” त्याचा आवाज कापत होता. “भिजलाय की त्यो.” पारावर शांतता झाली. मला उत्तर नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं मी ही गोष्ट मेणाच्या घरातून ऐकत आणि सांगत आले होते. लेकीनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “उघडलं,” ती म्हणाली. “आज उघडलं.” तो खाली बसला.

या पोरांची बोली वेगळी, आमच्या गावातल्या पोरांची वेगळी, पुस्तकातली तिसरीच. मी कुणाचं बोलणं दुरुस्त करत नाही. आमच्याच जिल्ह्यात फलटणला मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी गावातली माणसं मराठी कशी वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलतात याचा अभ्यास केला, तिथंच राहिल्या, आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. मुलाची घरची बोली ही चूक धरायची नसते, तिच्यावरच पुढची भाषा उभी राहते, हे मला त्यांच्या कामामुळं नीट कळलं. ‘भिजलाय की त्यो’ हे वाक्य दुरुस्त करून मी काय मिळवलं असतं? तो पुन्हा उभा राहिला नसता, एवढंच.

फेब्रुवारीतला एक रविवार. वाचून झालं होतं, अंधार पडायला अजून वेळ होता, आणि लेकीनं हट्ट धरला, “आजोबा, गाडी सोडा ना.” अण्णा आता चौऱ्याहत्तरचे. काठी टेकून ते पाराच्या कडेला उभे राहिले, दारात उभे राहायचे तसे, अंग किंचित बाहेर झुकवून. “कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, निढळ, महिमानगड, पिंगळी, दहिवडी, गोंदवलं, म्हसवाऽड!” आणि काठी दोनदा आपटली. डबल बेल. पोरं खूश. दोनदा, तीनदा गाडी सुटली.

मागं एक मुलगी बसायची, नऊ-दहा वर्षांची, काखेत कायम धाकटा भाऊ. महिनाभर ती एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “तुमची गाडी लई जवळची हाय. आमची वाट लांबची हाय.”

“सांग की मग,” अण्णा म्हणाले.

तिनं भावाला दुसऱ्या काखेत घेतलं. “पाटोदा, जामखेड, कर्जत, राशीन, भिगवण, बारामती, फलटण, वाठार टेशन, कोरेगाव.” एका दमात, खाली बघत. ट्रकमधे, भांड्याकुंड्यांच्या वर बसून, रात्रभर ती ही वाट दर वर्षी येते. तिला पाट्या वाचता येत नाहीत. गावं तिला तिच्या बापानं अंधारात मोजून दाखवलेली. ‘राशीन’ म्हणताना तिचा आवाज थोडा वर गेला आणि ‘भिगवण’ला खाली आला. मला निढळ आठवलं.

“पुन्यांदा म्हण,” अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. या वेळी प्रत्येक गावाला त्यांनी काठीचा ठेका दिला, आणि सतरा पोरांनी तिच्यामागं ती वाट म्हटली, बीडपासून आमच्या पारापर्यंत. तिच्या काखेतला भाऊसुद्धा काहीतरी बडबडत होता. मी ती वाट वहीत उतरवून तिच्यापुढं धरली, आणि बोट ठेवून दाखवलं: हे जामखेड. हे बारामती. पुढच्या रविवारी तिनं ‘ब’ ओळखला, मग ‘म’. एप्रिलमध्ये टोळी गेली तेव्हा ते पान ती घडी करून घेऊन गेली.

पार आता दिवाळीपर्यंत अर्धाच भरतो. परवा रात्री दिवा मालवल्यावर लेक अंथरुणात गाडी सोडत होती. आमची नव्हे, त्या मुलीची.

“पाटोदा, जामखेड, कर्जत, भिगवण, बारामती…”

ती थांबली. ही गावं तिनं पाहिलेली नाहीत, नकाशातही नाहीत. अंधारात तिनं तेवढंच परत म्हटलं, बोटांनी गादीवर ठेका धरून.

“आई, इथं काहीतरी गळलंय.”

मी काही बोलले नाही. पुन्हा ठेका. पाटोदा, जामखेड, कर्जत.

“राशीन!”